निलंग्यात सापडलेला तारा

आधीच सांगून टाकते, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. तारा सापडला. नसरीनही परत आली. हे लिहिताना शेजारच्या खोलीतून तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू येतेय, आणि ती ऐकून मला इतकं बरं वाटतंय की समोरचा चहा गार झाला तरी माझी तक्रार नाही. पण नांदेडच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी मूळची गुहागरची, पोटापाण्यासाठी पुण्यात. काम रेडिओ दुर्बिणीवर, पल्सार नावाच्या ताऱ्यांचं. मोठा तारा मरताना त्याचा गाभा आकसून जेमतेम एखाद्या शहराएवढा होतो आणि भन्नाट वेगानं गरगरू लागतो. दर गिरकीला त्याच्याकडून रेडिओ लहरींचा एक ठोका आपल्याकडे येतो. नसरीन माझी विद्यार्थिनी. तिचा पल्सार एकटा नाही, त्याला एक हलका, फुगलेला सोबती तारा आहे, आणि दोघं एकमेकांच्या इतके जवळ की काही तासांत एक फेरी पूर्ण. इतकं चिकटून राहिल्यावर जे व्हायचं ते होतं. पल्सारच्या ओढीनं सोबती अंड्यासारखा ताणला जातो, त्याची एकच बाजू कायम पल्सारकडे राहते, अंगावरचा वायू उडून मागे रेंगाळतो. शिवाय त्याच्या पोटात काहीतरी घुसळण चालू असते. तिच्यामुळे तो कधी जरा जास्त चपटा होतो, कधी कमी, आणि तेवढ्यानं दोघांच्या फेरीचा वेळ बदलतो. निदान आमचं सध्याचं मत असं आहे.

नसरीननं बरीच वर्षं मोजमाप केलं. फेरीला लागणारा वेळ कणाकणानं कमी होत होता. त्यावरून तिनं पुढचं गणित मांडलं. हे गणित फार लागतं, कारण ठोके गोंगाटात बुडालेले असतात. फेरीच्या गणिताप्रमाणे असंख्य ठोके एकावर एक रचले की मग कुठे पडद्यावर एक उंचवटा दिसतो. गणित बिनसलं तर ठोके एकावर एक बसत नाहीत आणि पडद्यावर नुसती सरळ रेघ. शेवटच्या दोन्ही निरीक्षणांत सरळ रेघ आली. आमच्याकडे दुर्बिणीच्या वेळेसाठी लोक रांगेत उभे असतात; हरवलेल्या ताऱ्यासाठी पुन्हा वेळ कोण देणार? तिचा सगळा प्रबंध त्या एका ताऱ्यावर उभा होता. "घरी जाऊन येते मॅडम," म्हणाली आणि गेली ती गेलीच. फोन बंद.

मग तिच्या वडिलांचा फोन आला. हमीदभाईंचं निलंग्याला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या जळालेल्या मोटारींना ते नवी तार भरून देतात.

"म्याडम, पोरगी घरी आलीय तर खुशी व्हायला पायजे," ते म्हणाले. "पर होईना गेलीय. लातूरच्या क्लासवाल्यानं शिकवायला बोलावलंय, शनिवारपर्यंत हो का न्हाई ते सांगायचंय. ती हो म्हनायलीय. आन् रोज छतावर जाऊन गुमान बसायलीय. तुमी एकदा या."

लातूरच्या क्लासमध्ये डॉक्टर-इंजिनिअर व्हायला राज्यभरातून मुलं येतात. तिथं शिकवणं काही वाईट नाही, पगारही चांगला. पण आवडतं म्हणून जाणं वेगळं आणि तोंड लपवायला जाणं वेगळं. लातूरच्या गाडीला जागा नव्हती, म्हणून मी नांदेडचं तिकीट काढलं.

नांदेड

नांदेडचे गायकवाड सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि दरवर्षी मला व्याख्यानाला बोलावतात. दरवर्षी मी टाळते. या वेळी मीच फोन केला तर त्यांचा विश्वास बसेना. स्टेशनवर हार घेऊन उभे. "अखेर आलात! मी तर घरात सांगून ठेवलं होतं, गाडी येईल, मॅडम येणार नाहीत."

घरी सकाळी सुशीला केला होता. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वर दाण्यांचं कूट आणि मिरची सढळ हातानं. आमच्याकडे चुरमुरे म्हणजे येताजाता तोंडात टाकायची चीज, त्यांना इतका मान मिळालेला मी प्रथमच पाहिला. सरांचे वडील सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराला शाळेत जायला लागलेले, घरात पहिलेच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली सरांच्या मुलीनं रंगवलेलं शनीचं चित्र. मला ते घर फार आवडलं.

दुपारी जुन्या गावात खिचडी आणि खट्टा. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात. इथे मसुराची खिचडी, सोबत तीळ-चिंचेचा आंबट खट्टा, पापड, आणि लोक सुट्टीच्या दिवशी हौसेनं रांग लावून खातात. मी दोनदा घेतली. सर माझ्याकडे बघत म्हणाले, "जेवण तर चाललंय, पण तुम्ही लई टेन्शन घेऊन राहिलात मॅडम. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. हरवलेला तारा, शनिवार, क्लास.

"मग उद्या तुम्हाला धबधब्यावर नेतो," ते म्हणाले. मी म्हटलं, याचा त्याच्याशी काय संबंध? "काहीच नाही. पण तुमचं बसचं तिकीट परवाचं आहे आणि तुम्ही घरात बसून माझ्या बायकोचं डोकं खाल."

इस्लापूर

सहस्रकुंड इस्लापूरच्या जवळ. पैनगंगा काळ्याशार खडकावरून खाली येते आणि खडक असा की कुणी लोखंड ओतून थंड केलं असावं. पाणी भरपूर होतं. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला नदीचं कौतुक जरा कमीच असतं, पण इथे मी बघत राहिले. आमच्या पाण्याला जायची-यायची सवय आहे. सकाळी दारात, दुपारी पार लांब. हे पाणी नुसतंच जात होतं. बघता बघता माझी चप्पल शेवाळावरून सटकली, बंद तुटला आणि मी सरांच्या दंडाला लोंबकळले.

"हे बघा, तुम्हीपण हरवला असतात," सर म्हणाले. "मग हरवल्याचे दोन अर्ज करावे लागले असते."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. गावातल्या दुकानात माझ्या मापाची चप्पल नव्हती, म्हणून एक नंबर मोठी घेतली आणि पुढचा सगळा प्रवास मी फटक फटक आवाज करत केला.

निलंगा

एसटीनं लातूर, तिथून निलंगा. रस्त्याच्या कडेनं ऊस, मधूनच सोयाबीनची खळी, आणि एका ओढ्यावर देवणी जनावरं पाणी पीत होती, पांढऱ्या अंगावर काळे मोठे ठिपके, चालणं राजासारखं. स्टँडवर हमीदभाई उभे होते. मागे नसरीन. तिनं माझी पिशवी घेतली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला आलात?"

"तुमच्याकडचा निलंगा राईस खायला," मी म्हटलं.

तोही खाल्ला. फोडणीचा पिवळा मसालेभात, स्टँडजवळ गाड्यावर, वर झणझणीत चटणी. डोळ्यांतून पाणी आलं, नसरीननं पाणी आणून दिलं, पण ताऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी तिच्या आईनं, शहनाजबींनी, ज्वारीची भाकरी आणि दही-धपाटे केले होते. आईचंही बोलणं कमी. फक्त एकदा म्हणाल्या, "लेकराच्या डोळ्याला डोळा न्हाई बगा." नसरीन उठून आत गेली.

हमीदभाईंनी मला न विचारता गावच्या वाचनालयात माझं व्याख्यान ठरवून टाकलं होतं, शनिवारी सकाळी. "माझी पोरगी काय करती ते गावाला एकदा कळू दे," ते म्हणाले. "लोक इचारतेत, मला सांगता येत न्हाई. मी म्हनतो, ताऱ्याची मोटार बघती." मी म्हटलं, याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही.

हॉल भरला होता. पुढे शाळेची मुलं, मध्ये पुरुष, मागे बायका, अगदी दारापाशी शहनाजबी आणि नसरीन. माईक पाच मिनिटांत बंद पडला. मग मी मोकळ्या घशानं बोलले. आमच्याकडे होडीतल्या माणसाला काठावरून हाक मारायची सवय असते, ती कामी आली. जोडताऱ्यांबद्दल सांगायचं तर आधी भरती-ओहोटी सांगायला हवी. समोर विचारलं, समुद्र कुणी पाहिलाय? थोडेच हात वर. म्हणून मी जरा सोपं करायला गेले.

"चंद्र नुसतं समुद्राचं पाणी ओढत नाही," मी म्हटलं, "जमीनही ओढतो. तुमच्या पायाखालची ही निलंग्याची जमीन रोज दोनदा वर येते आणि दोनदा खाली बसते. चांगली वीतभर, कधी जास्तच!"

पुण्यात हे वाक्य टाकलं की मुलं "अय्या" म्हणतात. इथे एक म्हातारे गृहस्थ खुर्चीचा हात धरून अर्धे उठले. मागून एका बाईनं लेकराला मांडीवर ओढून घेतलं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हा लातूर जिल्हा! त्र्याण्णवच्या त्या पहाटेच्या भूकंपात इथल्या घराघरानं माणसं गमावलीत, पुढे कितीतरी महिने लोक उघड्यावर झोपलेत, आणि मी शहाणी त्यांना हसत हसत सांगतेय की जमीन रोज हलते. माफी मागायला मी हात जोडले.

तेवढ्यात मागून शहनाजबींचा आवाज आला. उभ्या राहिल्या होत्या, पदर डोक्यावर, हात दाराच्या चौकटीला.

"म्याडम, एक इचारू? ही जमीन एकट्या आमच्याच गावची वर येती का सगळ्यांची?"

"सगळ्यांची," मी म्हटलं. "इथली, लातूरची, औराद-उदगीरची, सगळी एकदम, सारखीच. घर, विहीर, बस स्टँड, तुम्ही-आम्ही, सगळे बरोबरच वर जातो आणि बरोबरच खाली येतो. म्हणून भिंतीला तडा जात नाही आणि कुणाला कळतही नाही. भूकंपात एक बाजू हलते आणि दुसरी राहते, त्यानं घर पडतं. हे तसं नाही. हे पृथ्वी झाली तेव्हापासून चाललंय."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. सगळा हॉल त्यांच्याबरोबर खाली बसल्यासारखा सैलावला. म्हातारे गृहस्थ पुन्हा टेकले. मी पदरानं कपाळ पुसलं आणि पुढे बोलू लागले, पण बघते तर नसरीन जागेवर नाही.

व्याख्यान संपवून बाहेर आले तर ती पायरीवर लॅपटॉप उघडून बसलेली. चेहरा पांढरा.

"मॅडम, आपण फेकलेले ठोके," ती म्हणाली. "दोन्ही पट्ट्यांत सारखे उशिरा आहेत."

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. सोबत्याच्या मागे रेंगाळणारा वायू आड आला की ठोके उशिरा पोचतात. म्हणून सोबती पल्सारला झाकतो त्या ग्रहणाच्या आगेमागचे ठोके आमच्या धंद्यात सगळेच बाजूला काढतात, न बघता, घरात शिरताना चप्पल काढावी तसे. नसरीननंही काढले. अगदी सुरुवातीपासून, आणि तारा हरवायच्या आधीच्या निरीक्षणांतले तर जास्तच, कारण ते जास्त उशिरा होते. वायू वाढला असेल असं तिला वाटलं, मलाही वाटलं असतं. पण आम्ही लहरी दोन पट्ट्यांत ऐकतो, कमी कंपनांच्या खालच्या आणि जास्त कंपनांच्या वरच्या, आणि वायूची एक खोड आहे: तो खालच्या पट्ट्यातल्या लहरींना जास्त अडवतो, वरच्या पट्ट्यातल्यांना कमी. उशीर दोन्हींत सारखाच असेल तर तो वायूचा नव्हे. मग खुद्द ताराच फेरीत मागे पडलाय.

"अम्मी म्हणाली ना, एकट्याची का सगळ्यांची," नसरीन म्हणाली. "मी कधी दोन पट्टे शेजारी ठेवून बघितलेच नाहीत. मॅडम, फेरी आता लहान होत नाहीये. ती उलटी फिरलीय. वाढायला लागलीय."

"म्हणजे तारा तिथंच आहे," मी म्हटलं, "आपण त्याला चुकीच्या गणितानं रचत होतो."

"पण मॅडम, आज शनिवार."

ज्या निरीक्षणात काही दिसत नाही त्याची कच्ची नोंद आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुसून टाकतात, जागा हवी असते म्हणून. ते काम सुहासचं. कामाला वाघ, फक्त सांगितलेलं काम त्याच दिवशी कधी करत नाही, आणि त्यावरून तो माझ्या शिव्या खात आलाय. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"सुहास, शनिवारची डिस्क पुसलीस?"

"मॅडम, ओरडू नका, आत्ता करतो, जेवून लगेच करतो..."

"हात लावू नकोस! खबरदार हात लावलास तर!"

तो बिचकत म्हणाला, "म्हणजे मी बरोबर केलं?"

मी तिथेच पायरीवर बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या वाचनालयाच्या पायरीवर कळलं. सुहासचा आळस देवानं असाच ठेवावा.

दुकानात बसून नसरीननं नवं गणित मांडलं. भोवती तांब्याच्या तारेची बंडलं, उघड्या मोटारी, वार्निशचा वास. मधेच लाईट गेली, हमीदभाईंनी इन्व्हर्टरची वायर ओढून लॅपटॉपला दिली. एका शेतकऱ्याची मोटार टेबलावर तशीच पडली होती, तो म्हणाला, "राहू द्या भाई, पोरीचं होऊ द्या आदी." क्लासवाल्याचा फोन येऊन गेला, नसरीननं उचलला नाही. तिनं आकडे सुहासला धाडले आणि आम्ही बसून राहिलो. चहा आला, प्यायलो. पुन्हा आला, पुन्हा प्यायलो.

फोन वाजला. चित्र आलं होतं. नसरीननं ते उघडलं आणि फोन माझ्यासमोर धरला. गोंगाटाच्या रेघेच्या मधोमध एक टोकदार, देखणा उंचवटा. खाली सुहासनं लिहिलं होतं: दुसऱ्या डिस्कवरपण आहे.

मी तिला मिठीच मारली. दोघी रडलो, उगाच लपवत नाही. हमीदभाई चष्मा वर करून चित्राकडे बघत होते. "हाच का त्यो?"

"हाच, अब्बा."

"चालू हाय का?"

"एकदम चालू."

"मग तू हितं काय करायलीस?" ते म्हणाले, आणि पाठ फिरवून मोटारीकडे वळले. कितीतरी वेळ ते एकच स्क्रू पिळत होते.

नसरीननं क्लासवाल्याला फोन करून नम्रपणे नाही सांगितलं. भला माणूस, म्हणाला, सुट्टीत मुलांना ताऱ्यांवर एक भाषण तरी द्या. तिनं कबूल केलं. फेरी लहान होते आणि पुन्हा मोठी होते, हे तिच्या प्रबंधातलं आता सगळ्यात चांगलं प्रकरण होणार आहे. आधीचं गणित बरोबर आलं असतं तर ते लिहिताच आलं नसतं.

निघताना

रविवारी सकाळी निघालो. शहनाजबींनी डब्यात धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याची चटणी वेगळी, आणि माझ्या फटफटणाऱ्या चपलांच्या टाचेत कापडाची घडी शिवून घातली. रात्री उशीर झाला तरी नसरीन छतावर गेली नाही, पडल्या पडल्या झोपली, असं त्यांनी मला कानात सांगितलं. त्यांचा स्वतःचा चेहराही निवळला होता. बोलता बोलता म्हणाल्या, भूकंप झाला तेव्हा त्या शाळकरी होत्या, आणि तेव्हापासून कुठलाही ट्रक रस्त्यावरून गेला की त्यांचा हात आधी भिंतीला लागतो. मी कालच्या वाक्याबद्दल माफी मागितली. "न्हाई न्हाई," त्या म्हणाल्या, "आता ट्रक गेला तर म्हनीन, एकटाच हलायलाय, त्याला जाऊ दे."

अंगणात रिक्षा उभी होती. हमीदभाई पिशव्या ठेवत होते. शहनाजबी उंबऱ्यावर थांबल्या, खाली वाकल्या आणि अंगणातल्या फरशीवर सपाट तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"म्याडम, आत्ता ही वर हाय का खाली?"

मला सांगता येईना. गुहागरला असते तर पाणी बघून सांगितलं असतं. मी नसरीनकडे पाहिलं. तिनं आकाशात पाहिलं. सकाळचा फिकट चंद्र अजून बऱ्यापैकी वर होता. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि ती हसली. निलंग्यात आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"उप्पर है, अम्मी. पन थोड्या टाइम में नीचे जाती."

शहनाजबी हात झटकून उभ्या राहिल्या आणि रिक्षाच्या दिशेनं लेकीच्या पाठीवर थाप मारली.

"मग बगायलीस काय? वर हाय तवर निघा."